मैदानावरचे मौन : स्त्रियांचा व्यायाम, मूत्रगळती आणि उशिरा विचारलेला एक प्रश्न

#थ्रेड #इतिहास #क्रीडाइतिहास

१/ १९९४ साली अमेरिकेत एक छोटासा अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या संघांतून खेळणाऱ्या १४४ तरुणींना त्यात एक प्रश्न विचारला होता : खेळताना लघवी गळते का? या मुलींचे सरासरी वय वीसच्या आसपास होते आणि त्यांपैकी एकीचेही बाळंतपण झालेले नव्हते. तरीही २८ टक्के खेळाडूंनी ‘होय’ असे उत्तर दिले.

२/ जी तक्रार बाळंतपणाची किंवा उतारवयाची म्हणून ओळखली जात होती, ती ऐन विशीतल्या, धडधाकट, रोज तासन्‌तास सराव करणाऱ्या मुलींमध्ये आढळली. स्त्रिया ऑलिंपिकच्या धावपट्टीवर उतरल्या त्याला तोवर ६६ वर्षे झाली होती. मग हा प्रश्न विचारायला इतका उशीर का झाला? त्याचे उत्तर वैद्यकाच्या इतिहासात आहे, तितकेच स्त्रियांच्या क्रीडाहक्काच्या लढ्यातही आहे.

३/ आधी शरीरातली घडण पाहू. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि मलाशय हे तिन्ही अवयव तिच्या आधाराने राहतात. उडी मारताना, धावताना, वजन उचलताना पोटातला दाब क्षणार्धात वाढतो आणि तो मूत्राशयावर येतो. त्या क्षणी मूत्रमार्ग मिटून राहिला नाही तर थेंब-दोन थेंब, कधी त्याहून अधिक लघवी बाहेर पडते. इंग्रजीत याला ‘स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स’ म्हणतात. इथला ‘स्ट्रेस’ म्हणजे मनाचा ताण नव्हे, पोटातला दाब.

४/ मूत्रमार्ग मिटतो कसा, याचे नेटके स्पष्टीकरण मिशिगनचे जॉन डीलान्सी यांनी १९९४ मध्येच मांडले. बागेतली रबरी नळी घट्ट जमिनीवर ठेवून तिच्यावर पाय दिला तर पाणी थांबते. तीच नळी चिखलात असेल तर पाय दिल्यावर ती खाली रुतते आणि पाणी वाहतच राहते. मूत्रमार्गाखालचा आधार पक्का असेल तर वरून येणारा दाबच त्याला मिटवतो. आधार सैल असेल, किंवा दाब त्याच्या ताकदीपेक्षा जास्त असेल, तर गळती होते.

५/ आता मागे जाऊ, १८७३ सालात. बोस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी मुलींच्या शिक्षणावर एक पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की शरीरातली शक्ती मर्यादित असते. वयात येणाऱ्या मुलीने ती अभ्यासात खर्च केली तर प्रजननेंद्रिये दुबळी राहतात. पुढच्याच वर्षी लंडनच्या हेन्री मॉड्स्ली यांनी हाच विचार ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’ या नियतकालिकातून उचलून धरला.

६/ त्याच नियतकालिकात, त्याच वर्षी एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांनी उत्तर दिले. त्या स्वतः डॉक्टर होत्या. त्यांचा एक मुद्दा आजही लक्षात ठेवावा असा आहे : गरीब घरच्या स्त्रिया महिन्याचे तिसही दिवस अंगमेहनतीची कामे करतात, त्यांना कोणी विश्रांती देत नाही आणि त्यांचे सहसा काही बिघडतही नाही. मग नाजूकपणाचा सिद्धांत फक्त सुखवस्तू घरांतल्या मुलींनाच का लागू होतो?

७/ १८९० च्या दशकात सायकल आली आणि हीच चिंता नव्या रूपात परतली. खोगीर, खड्डे, हादरे यांनी स्त्रीच्या ओटीपोटातले अवयव जागचे हलतील का, यावर डॉक्टरांत वाद झडले. आपल्याकडे ज्याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात, त्याचीच ही भीती होती. पुढे सायकलची जागा धावण्याने घेतली, मग उड्यांनी, मग वजन उचलण्याने. भीती तीच राहिली.

८/ अंग बाहेर येणे हा आजार काल्पनिक नव्हता, हेही सांगायला हवे. लागोपाठची बाळंतपणे, तासन्‌तास अडलेली प्रसूती आणि ओली बाळंतीण असतानाच पुन्हा उचलावे लागणारे ओझे यांमुळे असंख्य स्त्रियांनी तो भोगला. पण त्या स्त्रियांना शेतातून किंवा गिरणीतून घरी पाठवावे, असा आग्रह क्वचितच कोणी धरला. बंदीची भाषा झाली ती खेळाबाबत, म्हणजे स्त्री जे काम स्वतःच्या आनंदासाठी निवडते त्याबाबत.

९/ १९२१ मध्ये फ्रान्सच्या अलिस मिलिया यांनी स्त्रियांची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय क्रीडा संघटना उभारली आणि १९२२ मध्ये पॅरिसला स्त्रियांच्या जागतिक स्पर्धा भरवल्या. त्या दबावामुळे १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी प्रथमच मैदानी शर्यती ठेवाव्या लागल्या. त्यांतली सर्वांत लांब शर्यत ८०० मीटरची होती.

१०/ अंतिम फेरीत नऊ जणी धावल्या आणि नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली. जर्मनीच्या लीना राड्के यांनी २ मिनिटे १६.८ सेकंदांचा विश्वविक्रम केला; जपानच्या हितोमी किनुए दुसऱ्या आल्या. शर्यत संपल्यावर काही जणी दमून गवतावर बसल्या, आडव्या झाल्या. पुरुष धावपटूही तेच करतात.

११/ वृत्तपत्रांनी मात्र वेगळेच चित्र रंगवले. धावपटू कोसळल्या, अर्ध्यातून बाहेर पडल्या, ते दृश्य पाहवत नव्हते, अशी वर्णने छापली गेली. एका वार्ताहराने तर धावणाऱ्यांची संख्याच अकरा करून टाकली. परिणाम खरा होता : ८०० मीटर शर्यत स्त्रियांच्या कार्यक्रमातून काढून टाकण्यात आली. ती परतली १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये, ३२ वर्षांनी.

१२/ या निर्णयाची झळ मुंबईपर्यंत पोहोचली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये नीलिमा घोष आणि वांद्र्याच्या मेरी डिसूझा या भारताच्या पहिल्या महिला धावपटू उतरल्या. मेरी डिसूझा १०० आणि २०० मीटर धावल्या. त्या काळी ऑलिंपिकमध्ये स्त्रीला धावता येईल असे सर्वांत मोठे अंतर २०० मीटरच होते. आपली ताकद लांब पल्ल्याची आहे का, हे आजमावण्याची संधी त्या पिढीतल्या कोणालाच मिळाली नाही.

१३/ १९६६ मध्ये बॉबी गिब यांनी बोस्टन मॅरेथॉनसाठी अर्ज मागवला, तेव्हा त्यांना उत्तर आले की स्त्रिया शारीरिकदृष्ट्या मॅरेथॉन धावण्यास समर्थ नसतात. गिब आरंभरेषेजवळच्या झुडपांत लपल्या, गर्दीत मिसळल्या आणि साडेतीन तासांच्या आत शर्यत पूर्ण करून मोकळ्या झाल्या. पुढच्या वर्षी कॅथरिन स्विट्झर २६१ क्रमांक लावून धावत असताना एका आयोजकाने त्यांना रस्त्यातच ओढण्याचा प्रयत्न केला. ते छायाचित्र जगभर गाजले. ‘गर्भाशय गळून पडेल’ असे धावणाऱ्या मुलींना त्या काळी सर्रास ऐकवले जाई.

१४/ १९७२ मध्ये बोस्टनने स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन झाली आणि जोन बेनॉइट यांनी ती २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत जिंकली.

१५/ आता या काळातल्या एखाद्या धावपटूच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. शंभर वर्षे डॉक्टर, आयोजक आणि वृत्तपत्रे सांगत आली आहेत की हा व्यायाम स्त्रीच्या ओटीपोटाला झेपत नाही. ते खोटे ठरवण्यासाठी ती धावते आहे. आणि सरावात तिची चड्डी ओली होते. हे तिने कोणाला सांगावे? ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ हे उत्तर जवळजवळ ठरलेलेच होते. लघवीविषयीची लाज होतीच. पण खेळाडू स्त्रीला त्या लाजेबरोबर आणखी एक ओझे होते. तिची कबुली तिच्याच विरुद्ध पुरावा ठरली असती.

१६/ इकडे दवाखान्यात काय चालले होते? विसाव्या शतकाच्या आरंभी या तक्रारीवरचा मुख्य इलाज शस्त्रक्रिया हा होता. १९१४ मध्ये बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली यांनी मूत्राशयाच्या मुखाशी टाके घालून त्याला आधार देण्याची पद्धत मांडली. १९२३ मध्ये लंडनच्या व्हिक्टर बॉनी यांनी याच विषयावर लिहिले. रुग्ण बहुतेक सगळ्या बाळंतपणे झालेल्या स्त्रिया होत्या.

१७/ व्यायामाचा मार्ग दाखवणारी पहिली ठळक व्यक्ती डॉक्टर नव्हती, नर्तिका होती. मार्गारेट मॉरिस या इंग्लंडमधल्या नृत्यशिक्षिकेने पुढे फिजिओथेरपीचे शिक्षण घेतले. १९३६ मध्ये त्यांनी मिनी रँडेल यांच्यासह बाळंतपणानंतरच्या आणि शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामांचे पुस्तक काढले. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळणे आणि सैल सोडणे, याने गळती टाळता येते व बरीही होते, हा विचार त्यांच्याकडे स्पष्ट दिसतो.

१८/ पण नाव राहिले ते दुसऱ्याचे. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियाचे स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी एक शोधनिबंध लिहिला. वाढत्या प्रतिरोधाचा व्यायाम देऊन या स्नायूंचे काम पूर्ववत करणे, असा त्याचा विषय होता. ‘वाढता प्रतिरोध’ ही कल्पना त्या काळी ताजी होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांचे पाय क्रमाक्रमाने जास्त वजन उचलायला लावून सुधारले होते. आजच्या जिममधल्या ‘सेट’ आणि ‘रेप’च्या पद्धतीचे मूळही तिथेच आहे.

१९/ केगेल यांनी त्यासाठी ‘पेरिनिओमीटर’ नावाचे उपकरण तयार केले : योनीमार्गात ठेवायची एक हवेची पिशवी आणि तिला जोडलेला दाबमापक. स्त्रीने स्नायू आवळले की काटा हलायचा. दिवसातून तीन वेळा, दर वेळी २० मिनिटे असा सराव ते सांगत. न दिसणारा स्नायू काट्यावर दिसू लागला, हे त्यांचे मोठे काम. अनेक स्त्रिया नेमका तो स्नायू न आवळता पोट किंवा मांड्या आवळतात. काटा ती चूक लगेच दाखवून देई.

२०/ इथे एक प्रतिसाद हमखास येतो : ‘हे तर आपल्या मूलबंधात आहेच.’ पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने रचलेल्या ‘हठप्रदीपिके’त मूलबंध आहे, हे खरे. टाचेने शिवणीचा भाग दाबून, खालचे द्वार आकुंचित करून अपान वर ओढावा, असे त्याचे स्वरूप आहे. आवळले जाणारे स्नायू बऱ्याच अंशी तेच. पण तिथला हेतू योगसाधनेचा होता आणि समोरचा साधक प्रामुख्याने पुरुष. बाळंतिणीच्या किंवा खेळाडूच्या गळतीवरचा इलाज म्हणून ती परंपरा वाढली नाही. साम्य मान्य करावे, श्रेय ओढून घेऊ नये.

२१/ केगेल यांच्या कामातही तरुण खेळाडू कुठेच नव्हती. उपचार होता, पण तो आईसाठी होता. धावणारी अविवाहित मुलगी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जात नव्हती, आणि गेली तरी हा प्रश्न तिला विचारला जात नव्हता. क्रीडावैद्यक गुडघे, घोटे आणि हृदय पाहत होते. स्त्रीरोगशास्त्र प्रसूती पाहत होते. दोहोंच्या मधल्या जागेत ही तक्रार पडून राहिली.

२२/ म्हणून इन्ग्रिड निगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९४ चा तो अभ्यास महत्त्वाचा ठरतो. खेळानुसार आकडे फार बोलके होते. जिम्नॅस्टिक्स ६७ टक्के, बास्केटबॉल ६६, टेनिस ५०, हॉकी ४२, धावणे व मैदानी खेळ २९, पोहणे १०, गोल्फ शून्य. जिथे उडी आणि आदळणे जास्त, तिथे गळती जास्त. काहींना हा त्रास शाळेच्या वयातच सुरू झाला होता. म्हणजे कित्येक मुलींनी तो वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसला होता.

२३/ २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे भारोत्तोलन, पोल व्हॉल्ट आणि ट्रॅम्पोलिन प्रथमच आले. तिथेच कर्णम मल्लेश्वरी यांनी कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिक पदक जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. दोनच वर्षांनी, २००२ मध्ये स्वीडनमधून ट्रॅम्पोलिनपटू मुलींचा एक अभ्यास आला. ३५ मुली, सरासरी वय १५, बाळंतपण कोणाचेही नाही. त्यांतल्या २८ जणींना सरावात गळती होत होती. खोकताना, शिंकताना किंवा हसताना मात्र त्यांच्यापैकी कोणालाही हा त्रास नव्हता. स्नायू रोजच्या जगण्याला पुरेसे होते. उडीचा दाब त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता.

२४/ मग १८७३ चे डॉक्टर बरोबर होते का? याचेही उत्तर शोधले गेले. १९९७ मध्ये निगार्ड यांनी १९६० ते १९७६ या काळात ऑलिंपिक खेळलेल्या १०४ अमेरिकी स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. खेळत असताना जिम्नॅस्ट आणि धावपटूंमध्ये गळती जलतरणपटूंपेक्षा बरीच जास्त होती. पण पुढे वय वाढल्यावर दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नव्हता. म्हणजे उड्या मारल्याने आयुष्यभराची इजा होते, याला आधार मिळाला नाही.

२५/ २००१ मध्ये नॉर्वेतून आणखी एक मोठा अभ्यास आला. अव्वल खेळाडूंमध्ये दाबामुळे होणाऱ्या गळतीचे प्रमाण ४१ टक्के आढळले, आणि अव्वल खेळाडू नसलेल्या त्याच वयाच्या स्त्रियांमध्ये ३९ टक्के. घरी बसवून स्त्रीचे रक्षण होते, या समजुतीला याहून चोख उत्तर क्वचितच मिळेल. याच अभ्यासात खाण्याच्या विकारांनी ग्रासलेल्या खेळाडूंमध्ये गळतीचे प्रमाण अधिक दिसले. वजन उतरवण्याच्या सक्तीकडे बोट दाखवणारी ही बाब आहे.

२६/ उपचारांचाही पुरावा आला. नॉर्वेच्या फिजिओथेरपिस्ट कारी बो यांनी १९९९ मध्ये १०७ स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध केली. तळाच्या स्नायूंचा व्यायाम, विजेचे उद्दीपन, योनीत धरायचे वजनी शंकू आणि कोणताही उपचार नाही, असे चार गट होते. सहा महिन्यांनंतर व्यायामाचा गट सर्वांत पुढे होता. मॉरिस यांनी १९३६ मध्ये आणि केगेल यांनी १९४८ मध्ये जे सांगितले, ते आता काटेकोर चाचणीत उतरले.

२७/ तरीही मौन सुटले नाही. २००७ मध्ये अमेरिकेतल्या शाळा-महाविद्यालयांतल्या खेळाडू मुलींचा एक अभ्यास आला. त्यात चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलींना गळती होत होती, आणि ९० टक्क्यांहून अधिक जणींनी ती गोष्ट कधीच कोणाला सांगितलेली नव्हती. सांगण्याऐवजी मुली पॅड लावतात, गडद रंगाचे कपडे निवडतात, सरावाआधी पाणी पिणे टाळतात. काही जणी तो व्यायाम सोडतात, काही खेळच सोडतात. कोणत्याही फलकावर न लागता स्त्रियांना मैदानाबाहेर ठेवणारी ही बंदी आहे.

२८/ २०१३ मध्ये लंबक एकदम दुसऱ्या टोकाला गेला. क्रॉसफिटच्या स्पर्धेतल्या एका चित्रफितीत खेळाडूंना विचारले गेले, ‘व्यायामात लघवी होते का?’ अनेकींनी हसत होकार दिला. व्यायामात तसे झाले तर चालते, असे एका स्त्रीरोगतज्ज्ञानेही त्यात सांगितले. मौन मोडले, हे चांगले झाले. पण अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांनी लगेच आक्षेप घेतला : ही गोष्ट सर्रास आढळते म्हणून ती निरोगी ठरत नाही, आणि तिच्यावर इलाज आहे.

२९/ दोन्ही टोकांना उपचार हरवतो. जुन्या डॉक्टरांनी सांगितले, शरीर बिघडेल म्हणून खेळ सोडा. नव्या उत्साहाने सांगितले, मेहनतीची खूण समजून चालवून घ्या. पहिल्या सल्ल्याने मुलगी मैदानाबाहेर जाते. दुसऱ्या सल्ल्याने ती मैदानात राहते, पण ओल्या कपड्यांत. ज्यात खेळही राहतो आणि त्रासही कमी होतो, तो मार्ग १९३६ पासून छापील पुस्तकात आहे.

३०/ बदल होतो, पण हळू. पुरुषांची ३००० मीटर स्टीपलचेस १९२० पासून ऑलिंपिकमध्ये आहे. स्त्रियांची आली २००८ मध्ये. आठच वर्षांनी, रिओला, साताऱ्याच्या ललिता बाबर त्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. २०२३ मध्ये विंबल्डनने पाळीची अडचण ओळखून खेळाडूंना पांढऱ्या स्कर्टखाली गडद चड्डी घालू दिली. पाळीविषयी बोलणे जमू लागले आहे. गळतीविषयी अजून जमायचे आहे.

३१/ आज पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या, कबड्डीच्या मैदानात उतरणाऱ्या, जिममध्ये बारबेल उचलणाऱ्या कोणाही मुलीला हा त्रास होऊ शकतो. तो तिचा दोष नाही आणि खेळ सोडण्याचे कारणही नाही. या विषयाची माहिती असणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून योग्य स्नायू ओळखायला शिकून काही महिने नेमाने व्यायाम केला, तर बहुतेकींना फरक पडतो. जळजळ, वेदना किंवा लघवीत रक्त असेल तर मात्र थेट डॉक्टरांकडे जावे.

३२/ १९९४ च्या त्या १४४ मुलींना कोणी औषध दिले नव्हते, उपकरण दिले नव्हते. त्यांना फक्त विचारले गेले होते. तेवढ्याने शंभर वर्षे झाकलेली गोष्ट कागदावर आली. प्रत्येक प्रशिक्षकाला, शाळेतल्या प्रत्येक क्रीडाशिक्षिकेला तो प्रश्न आजही विचारता येईल : सरावात असा काही त्रास होतो का? आणि ‘होय’ असे उत्तर आले तर त्या मुलीला संघातून काढायचे नाही, एवढे आधीच ठरवून ठेवावे लागेल.

(समाप्त)